मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीनं दम वाढतो का?

पावसानं उघडीप दिली की बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे पाचपासून पावलं वाजायला लागतात. भरतीची तयारी करणारी पोरं असतात, पहिल्यांदाच २१ किलोमीटर पळायचं मनावर घेतलेले चाळिशीतले लोक असतात, शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी घराबाहेर काढलेलेही असतात. रविवारी जांबोटीच्या रस्त्याला सायकली दिसतात. आणि ह्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कपाटात मल्टिव्हिटॅमिनची एक पट्टी असतेच.

येळ्ळूरच्या बाजूनं येणाऱ्या एका पोरानं मागं ती पट्टी माझ्यापुढं धरली. "सर, ही खाल्ली की दम वाढतोय म्हणत्यात. खरं काय ओ?" मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि स्वतः पळतो, म्हणून त्यानं मला विचारलं. उभ्या उभ्या सुचलं तेवढं सांगितलं, पण हा विषय तेवढ्यात आटपणारा नाही. त्यात माझ्या घरातच ह्या गोळीच्या भरवशावर सहा महिने वाया गेलेत. तेही पुढं सांगतो.

गुऱ्हाळात रानभेंडी किती टाकतात?

व्हिटॅमिन म्हणजे जीवनसत्त्व. शरीराला ती अगदी थोडी लागतात, पण बहुतेक जीवनसत्त्वं शरीराला स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत, म्हणून अन्नातून घ्यावी लागतात. ती एकूण १३ आहेत: ए, सी, डी, ई, के आणि बी गटातली ८. लोह, जस्त, कॅल्शियम ही जीवनसत्त्वं नव्हेत, ती खनिजं. दोन्हींतलं थोडं थोडं एका गोळीत बसवलं की झालं मल्टिव्हिटॅमिन.

आता पहिली गोष्ट पक्की करू. जीवनसत्त्वात कॅलरी नसते. त्यातून शक्ती मिळत नाही. शक्ती मिळते भाकरीतून, भातातून, तेलातून, डाळीतून. बी गटातली जीवनसत्त्वं ती शक्ती मोकळी करण्याच्या कामात हातभार लावतात, इतकंच.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. काहिलीत रस उकळत असतो, खाली चिपाडाचा जाळ असतो आणि रसातली मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस त्यात सोडतात. तो नसेल तर मळी रसातच राहते आणि गूळ बिघडतो. पण रानभेंडी दसपट टाकली म्हणून गूळ दसपट निघत नाही. गूळ किती निघणार ते उसावर ठरतं.

जीवनसत्त्वांचा शोधच मुळात तुटवड्यातून लागला. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान ह्या डच डॉक्टरांना दिसलं, की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लटपटायला लागतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की पुन्हा उभ्या राहतात. कोंड्यात जे होतं ते बी१. पुढं १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. ह्या गोष्टीतली कोंबडी आजारी होती, म्हणून कोंड्याचा गुण आला. आधीच धडधाकट असलेल्या कोंबडीला जास्तीचा कोंडा घालून ती काही वेगानं पळत नाही. मल्टिव्हिटॅमिनचा अख्खा प्रश्न इथंच येऊन थांबतो: तुमच्यात कशाची कमतरता आहे का, आणि असली तर नेमकी कशाची?

"पण एवढं पळणाऱ्याला जास्त लागणारच की"

हा आक्षेप रास्त आहे. ६० किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर पळाला की साधारण ६० कॅलरी खर्च होतात. १० किलोमीटरला ६००, २१ किलोमीटरला साडेबाराशेच्या पुढं. खर्च वाढला की बी गटातल्या काही जीवनसत्त्वांची गरजही थोडी वाढते.

पण खर्च वाढला की भूकही वाढते. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी १७० कॅलरीच्या आसपास धरा. म्हणजे दहा किलोमीटरच्या बदल्यात साडेतीन भाकऱ्या. भाकरीबरोबर आमटी आली, भाजी आली, दही आलं, आणि त्यातून जीवनसत्त्वंही आली. जास्त पळणारा जास्त जेवला तर हा हिशेब आपोआप जुळतो. घामाचं म्हणाल तर त्यातून मुख्यतः पाणी आणि मीठ जातं. जीवनसत्त्वं जातात ती नगण्य.

हिशेब कुठं जुळत नाही, तर जो जास्त पळतो पण जास्त जेवत नाही तिथं. वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलेली पोरं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरून लांब पळणाऱ्या बायका, ज्यांच्या ताटात साबुदाणा असतो, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. सगळ्यांना वाढून उरलेल्यावर भागवणारी घरातली सून. ह्यांना जीवनसत्त्वं कमी पडतात हे खरं, पण त्याआधी त्यांना अन्नच कमी पडतं. खेळातल्या ह्या उपासमारीला २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी वेगळं नाव दिलं, कारण त्यानं पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होऊन त्यांना बारीक चिरा जातात, माणूस सारखा आजारी पडतो. पाळी चुकायला लागलेल्या धावपटू मुलीला "अशक्तपणा असेल, गोळी चालू कर" असं सांगणं हा माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय आहे. तिला आधी ताटात अन्न हवं आणि मग डॉक्टर.

ट्रॉल्या कमी असतील तर कारखाना बंदच

लोहाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लांब पळणाऱ्यांचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथं असतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन श्वासातला प्राणवायू पायांच्या स्नायूंपर्यंत वाहून नेतं. हंगामात चिकोडी-अथणीच्या रस्त्यांवर उसानं भरलेल्या ट्रॉल्या दिसतात, तसंच हे. शेतात ऊस कितीही उभा असू दे, ट्रॉल्याच कमी असतील तर कारखान्याला गाळप करता येत नाही. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, आणि लोहाचा साठा शरीरात फेरिटिन नावाच्या प्रथिनात असतो. फेरिटिन म्हणजे लोहाचं गोदाम. ट्रॉल्या रस्त्यावर दिसत असतात तेव्हाच गोदाम रिकामं झालेलं असू शकतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन तपासून भागत नाही.

पळणाऱ्याचं लोह बऱ्याच वाटांनी जातं. पाऊल रस्त्यावर आपटताना काही रक्तपेशी फुटतात, थोडं घामातून जातं, थोडं आतड्यातून, बायकांचं पाळीतून. शिवाय जोरात व्यायाम झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सोडतं, आणि ते तीन ते सहा तासांनी सर्वांत जास्त असतं. ते आतड्याच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखं आहे. तेवढा वेळ लोह आत यायला अडतं.

माझी भाची खानापूरकडची. कॉलेजसाठी बेळगावात आमच्याकडं राहते, हाफ मॅरेथॉनच्या मागं लागलेली. गेल्या वर्षी तिला चढ चढवेना, जिना चढून आली तरी धाप लागायची. घरातल्या सगळ्यांनी, त्यात मीही आलो, तिला मल्टिव्हिटॅमिन आणून दिलं. सहा महिने तिनं ती गोळी न चुकता घेतली. लघवी पिवळीधमक व्हायची, ती बघून गोळी लागू पडतेय असं तिला वाटायचं. तो पिवळा रंग बी२चा, शरीराला नको असलेला भाग बाहेर पडत होता. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ८. बायकांत हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की पंडुरोग (ॲनिमिया) धरतात आणि फेरिटिन १५च्या खाली म्हणजे गोदाम रिकामं. पळणाऱ्यांच्या बाबतीत बरेच डॉक्टर ३०-३५च्या खालीच सावध होतात.

हे तिच्या एकटीचं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत पंडुरोग आढळला. पळणाऱ्या मुलीही ह्याच घरांतून येतात.

"पण मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असतंच ना?"

पट्टी उलटी करून बघा. भाचीची ती पट्टी मी खिडकीपाशी नेऊन, चष्मा लावून वाचली. एवढ्याशा छपाईत बी१, बी२, बी६, बी१२, सी, जस्त, सेलेनियम. लोह नव्हतंच. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांत ते नसतं. काहींत असतं ते इतकं थोडं, की रिकामं गोदाम त्यानं भरत नाही, आणि त्याच गोळीत कॅल्शियम असलं तर ते लोहाच्या वाटेत आडवं येतं.

मग लोहाची वेगळी गोळी आपणच आणून घ्यावी का? नाही. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. आधी तपासणी, मग डॉक्टरांनी ठरवलेला डोस. झुरिकमधल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की लोह कमी असलेल्या बायकांना गोळी एक दिवसाआड दिली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. म्हणून डॉक्टर एक दिवसाआड घ्यायला सांगतात तेव्हा ते काटकसर करत नसतात. आणि फेरिटिनची तपासणी तापातून उठल्याउठल्या किंवा मोठ्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी करू नका. अशा वेळी आकडा खोटा वर गेलेला असतो.

अन्नाचं बोलायचं तर आपल्या येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात भातानंतर मसूर येतो. १०० ग्रॅम कच्च्या मसुरात साधारण ७ मिलिग्रॅम लोह असतं. वनस्पतीतलं लोह शरीर कमीच शोषतं, म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं बायकांसाठी रोजचं प्रमाण २९ मिलिग्रॅम एवढं मोठं ठरवलंय, पुरुषांसाठी १९. मसुराच्या आमटीवर लिंबू पिळलं की शोषण वाढतं. जेवणाबरोबर चहा घेतला की ते निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. मटण, कलेजी खाणाऱ्यांना लोह सहज मिळतं. गुळाबद्दल सगळे विचारतात. गुळात लोह असतं, पण एका खड्यात किती बसणार? चवीसाठी खा, उपचार म्हणून नको.

बी१२ आणि डी: इथं गोळी खरंच कामाची

बी१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण ह्यांत असतं. आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ. जिथं अंडंही चालत नाही आणि दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच, तिथं बी१२ हळूहळू उतरतं. पायाला मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा आणि न जाणारा थकवा ही त्याची लक्षणं. चाळिशीनंतर शुगरमुळं पळायला लागलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं बी१२ कमी होऊ शकतं. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांचंही तसंच. अशांनी डॉक्टरांना विचारून बी१२ तपासून घ्यावं. त्यांना बी१२ गोळीतून देण्यात काहीच वावगं नाही.

डीबद्दल मोठा गैरसमज आहे. "मी रोज बाहेर पळतो, मला डी कशाला कमी पडेल?" पण तुम्ही पळता पहाटे साडेपाचला आणि उजाडता उजाडता घरी येता. कातडीत डी बनायला उन्हातले जे किरण लागतात ते सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत पोहोचतात. सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन कामाचं. पहाटेच्या लांबलचक सावलीत डी जवळपास बनत नाही. खानापूर-जांबोटीकडं तर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही.

डी कमी निघालं की डॉक्टर ६०,००० युनिटचं पाकीट देतात, बहुधा आठवड्यातून एक. ते रोज घेतलेली माणसं असतात, आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" घरातल्या दोघांनी तरी वाचावं.

"व्हिटॅमिन सी जास्त घेतलं तर बरंच की"

हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथं जास्तीच्या गोळीनं सरावाचाच तोटा होऊ शकतो.

पळताना स्नायूंत फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी रेणू तयार होतात. सी आणि ई त्यांना शांत करतात. ऐकायला छान वाटतं. पण हे रेणू शरीराला निरोपही देत असतात. गल्लीत पाणी कमी पडलं की बायका घागरी घेऊन वॉर्डाच्या नगरसेवकाकडं जातात, आणि त्या ओरडीतून कधीतरी नवी पाइपलाइन येते. ओरड व्हायच्या आधीच रोज टँकर येत राहिला तर पाइपलाइनची आठवण कुणाला राहणार? पळल्यावरचा स्नायूंतला हा गोंधळ म्हणजे ती ओरड. ती ऐकून शरीर स्नायूंत शक्ती तयार करणारे कारखाने, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढवतं. दम वाढतो तो असा.

नॉर्वेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धावणाऱ्यांना ११ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम सी आणि २३५ मिलिग्रॅम ई दिलं. सरावानं मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनांत जी वाढ व्हायला हवी होती ती त्यांच्यात खुंटली. पळण्याच्या क्षमतेत मात्र तेवढ्या काळात दोन गटांत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे सी घेतलं की दम जातोच असं नाही, पण मोठ्या डोसानं सरावाला मदत होते ह्याला आधार नाही आणि अडथळा होण्याची शक्यता आहे. हे हजाराच्या गोळीबद्दल. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये सी बरंच कमी असतं, त्याची एवढी धास्ती नको.

दुसरी बाजूही आहे. सी आणि सर्दी ह्यांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सामान्य माणसांत रोज सी घेऊन सर्दी होण्याचं प्रमाण घटलं नाही, पण मॅरेथॉनपटू, बर्फावर स्की करणारे आणि अतिथंडीतले सैनिक अशा ५९८ जणांच्या पाच चाचण्यांत ते निम्म्यावर आलं. मोठ्या शर्यतीच्या तोंडावर थोडे दिवस सी घेण्यात म्हणूनच तथ्य असू शकतं. रोजची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम. १०० ग्रॅमचा एक पेरू ती पूर्ण करून वर शिल्लक ठेवतो.

"जास्तीचं लघवीतून जातं, मग तोटा काय?"

बी आणि सी पाण्यात विरघळतात, ती बरीचशी जातात. ए, डी, ई, के चरबीत विरघळतात, ती साठतात. ए जास्त झालं तर यकृताला त्रास होतो आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो. बी६ लघवीतून जातं खरं, पण मोठ्या डोसात महिनोन् महिने घेतलं तर हातापायाच्या नसा बधिर होऊ शकतात. मल्टिव्हिटॅमिन, वर बी कॉम्प्लेक्स, वर जिमवाल्यानं दिलेली पावडर असं तिन्ही चालू असलेली पोरं मी बघतो. तिन्हींत बी६ असू शकतं. तिन्हींची लेबलं शेजारी ठेवून बेरीज करा.

"मला तर फरक पडलाय"

पडला असेल. तुमच्यात खरंच काही कमी असेल आणि गोळीनं ते भरून निघालं असेल. किंवा गोळी चालू केली त्याच आठवड्यात तुम्ही वेळेवर झोपायला, नेमानं पळायला लागला असाल. घेतोय ह्या भरवशानंही माणसाला हुशारी येते, ती खोटी नसते. पण भाचीसारखं आतलं दुखणं त्या भरवशाखाली झाकलं गेलं तर ते महागात पडतं. फॉलिक ॲसिड असलेल्या गोळीनं तर बी१२च्या कमतरतेची रक्तातली खूण पुसली जाऊन नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहू शकतं.

राज्य पातळीवर पळणाऱ्यांसाठी

ज्यांची उत्तेजक द्रव्यांची (डोपिंगची) चाचणी होऊ शकते त्यांनी गोळ्या-पावडरीच्या डब्याबद्दल फारच जपून राहावं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत १३ देशांतून घेतलेले, हार्मोन नसल्याचं लेबल असलेले ६३४ पूरक पदार्थ तपासले. त्यांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, लेबलावर न लिहिलेली स्टेरॉइडच्या जातीची द्रव्यं निघाली. उत्तेजकविरोधी नियमांत "मला माहीत नव्हतं" हे चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी क्रमांक म्हणजे धंद्याचा परवाना आहे. आत उत्तेजक नाही ह्याची ती हमी नव्हे. काही घ्यायचंच असेल तर बॅच क्रमांकाचा फोटो काढा, बिल ठेवा, डबा संपला तरी तळाशी थोडं ठेवून द्या.

येळ्ळूरच्या त्या पोराला मी एवढंच सांगितलं होतं: पट्टी संपली की नवी आणू नकोस, त्या पैशात अंडी किंवा शेंगदाणे आण, आणि महिनाभर पोटभर जेवूनही थकवा गेला नाही तर सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त दाखव. त्याला अजून काही तपासावं लागलेलं नाही.

भाचीला डॉक्टरांनी लोह चालू केलं, एक दिवसाआड, सकाळी पळायच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर. पळून आल्यावर सगळ्यांबरोबर टपरीवर पोहे आणि चहा व्हायचा, तो चहा तिनं पोह्यांपासून तासभर लांब ढकलला. चार महिन्यांनी फेरिटिन ३४ आलं. परवा राजहंसगडाचा चढ ती न थांबता चढली. मी मागून येत होतो, वर पोचलो तेव्हा ती पाण्याची बाटली उघडून बसली होती.